उडता उडता तुटलेले आयन : माल्डी-टॉफवर पेप्टाइड हाताने कसे वाचावे

उडता_कण

गेली अकरा वर्षे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माल्डी-टॉफ यंत्रावर (लेझरने रेणू उडवून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) काम करते आहे. दरवर्षी नवी मुले येतात. सॉफ्टवेअर त्यांना दोन दिवसांत जमते. पण पडद्यावर पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या, तुकड्यांचा वर्णपट (वस्तुमानांचा आलेख) आला, की हात थेट 'सर्च'च्या बटणावर जातो आणि गुण चांगले आले, की पेप्टाइड ओळखले असे वहीत लिहिले जाते. मला ते पटत नाही. वर्णपट आधी डोळ्यांनी वाचायचा, मग यंत्राला विचारायचे. ते कसे, हे मराठीत कुठे सलग सापडले नाही, म्हणून फळ्यावर सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी यंत्र. नमुना मॅट्रिक्समध्ये, म्हणजे अतिनील प्रकाश शोषणाऱ्या एखाद्या सेंद्रिय आम्लात, मिसळून धातूच्या प्लेटवर थेंबभर ठेवायचा. थेंब वाळला, की त्यावर लेझरचे शॉट मारायचे. नायट्रोजन लेझर असेल तर ३३७ नॅनोमीटर, एनडी-याग असेल तर ३५५. एकेक शॉट काही नॅनोसेकंदांचा. मॅट्रिक्स उसळते, सोबत पेप्टाइडही उचलले जाते आणि बहुधा एकच प्रोटॉन घेऊन हवेत, खरे तर निर्वातात, येते. मग २० किलोव्होल्टचा धक्का. सगळ्यांना ऊर्जा सारखी, म्हणून हलका आयन वेगात आणि जड आयन सावकाश. पोचायला किती वेळ लागला ते मोजले, की वस्तुमान कळते.

उदाहरणासाठी अँजिओटेन्सिन-दोन घेऊ. आठ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड बहुतेक प्रयोगशाळांत प्रमाणित नमुना म्हणून असतेच. क्रम असा : अ‍ॅस्पार्टिक आम्ल, आर्जिनीन, व्हॅलीन, टायरोसीन, आयसोल्युसीन, हिस्टिडीन, प्रोलीन, फेनिलॲलनीन. प्रोटॉनसह वस्तुमान १०४६.५४ डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वस्तुमान). वीस किलोव्होल्टला त्याचा वेग सेकंदाला साधारण ६०.७ किलोमीटर भरतो, म्हणजे एक मीटर नळी साडेसोळा मायक्रोसेकंदांत पार.

आता मुद्द्याचे. लेझर उंबरठ्यापेक्षा थोडा जास्त ठेवला, की काही आयनांच्या पोटात जादा ऊर्जा साठते. ते लगेच तुटत नाहीत. धक्का मिळून मोकळ्या नळीत शिरल्यावर, उडता उडता तुटतात. म्हणून याला 'पोस्ट-सोर्स डीके' म्हणतात, आम्ही नुसते पीएसडी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ड्युसेलडॉर्फमध्ये स्पेंग्लर आणि कॉफमन यांनी या तुटण्यातून पेप्टाइडचा क्रम वाचता येतो हे दाखवले. त्याआधी ही तूट म्हणजे वर्णपटातला त्रास समजली जायची.

तुटल्यावर तुकड्याचा वेग मात्र आईचाच, म्हणजे मूळ अख्ख्या आयनाचाच, राहतो. सगळे पीएसडी या एका वाक्यावर उभे आहे. सपाट रुळांवर, घर्षण नाही असे समजून, धावत्या गाडीचे शेवटचे दोन डबे सुटले तर ते मागे पडत नाहीत, त्याच वेगाने धावत राहतात. तसेच हे. त्यामुळे सरळ नळीच्या टोकाला शोधक ठेवला, तर आई आणि तिचे सगळे तुकडे एकाच क्षणी पोचतात आणि काहीच वेगळे दिसत नाही.

वेगळे असते ते ऊर्जेत. ७८४.४ चा तुकडा म्हणजे आईच्या वस्तुमानाचा पाऊण भाग. वेग तोच, म्हणून ऊर्जाही पाऊण, १५ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट. २६३.१ च्या तुकड्याकडे जेमतेम ५. इथे रिफ्लेक्ट्रॉन कामी येतो. लेनिनग्राडमध्ये मामिरिन यांनी १९७३ साली मांडलेला हा आयनांचा आरसा : समोरून विरुद्ध विद्युतदाब द्यायचा, आयन आत शिरतो, थांबतो आणि उलट फिरतो. जास्त ऊर्जेचा खोलवर जातो, कमी ऊर्जेचा अलीकडेच वळतो. म्हणजे एकत्र निघालेले तुकडे आरशातून परतताना वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात.

आता वाचन. सांगाड्यातला पेप्टाइड बंध तुटला आणि प्रोटॉन पुढच्या टोकाकडे (क्रम जिथून सुरू होतो तिकडे) राहिला तर बी-आयन, मागच्या टोकाकडे राहिला तर वाय-आयन. अँजिओटेन्सिनची बी-शिडी ३७१.२०, ५३४.२७, ६४७.३५, ७८४.४१, ८८१.४६ अशी चढते. शेजारच्या दोन पायऱ्यांची वजाबाकी करा : १६३.०७ म्हणजे टायरोसीन, ११३.०८ म्हणजे आयसोल्युसीन (की ल्युसीन? ते पुढे), १३७.०६ हिस्टिडीन, ९७.०५ प्रोलीन. सगळ्यात ठळक शिखरांपैकी एक ७८४.४ चे, कारण प्रोलीनच्या अलीकडचा बंध सहज तुटतो. त्याच तुटीतला दुसरा भाग २६३.१४. दोघांची बेरीज १०४७.५५, म्हणजे आईपेक्षा बरोबर एक प्रोटॉन जास्त.

ही बेरीज रोज करा. मी एकदा केली नव्हती. माझ्या पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट : चार डाल्टनच्या अंतरावरची दोन पेप्टाइडे निवड-फाटकातून (हव्या त्या वस्तुमानाचेच आयन पुढे सोडणाऱ्या दारातून) एकत्र आत आली आणि मी अर्धी शिडी एकीची, अर्धी दुसरीची वाचून अख्खा क्रम अहवालात लिहिला. वरिष्ठांनी कागदावर दोन आकडे मिळवून दाखवले आणि अहवाल परत दिला. हजाराच्या आसपास हे फाटक पाच-दहा डाल्टनचा पट्टा एकदम आत घेते, हे मला माहीत होते. माहीत असणे आणि आठवणे वेगळे.

प्रश्न विचारा. मला आवडेल.

चौथी_मिती

ताई, लेख उत्तम. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून एक शंका. सारख्या वेगाने खंडाळ्याचा घाट चढणारी भरलेली आणि रिकामी गाडी, दोघींचे इंजिन बंद केले आणि घर्षण सोडून दिले, तर दोन्ही सारख्याच उंचीवर थांबतील. जडकडे ऊर्जा जास्त, पण तिला वर न्यायलाही जास्त लागते. मग सारख्या वेगाचे तुकडे आरशात वेगवेगळ्या खोलीवर का वळतात?

उडता_कण

सर, हाच प्रश्न वर्गात कुणी विचारावा असे मला दरवर्षी वाटते.

घाटात गाडीला मागे ओढते ते गुरुत्वाकर्षण, आणि ते वस्तुमानाच्या प्रमाणात ओढते. म्हणून वस्तुमान दोन्हीकडून कटते. आरशात आयनाला मागे ढकलते ते विद्युत क्षेत्र, आणि ते प्रभार बघते, वस्तुमान बघत नाही. माल्डीत आई आणि तुकडा दोघांवर बहुधा एकच प्रभार, म्हणजे दोघांवर बल तेवढेच. घाटाऐवजी ब्रेकची कल्पना करा : भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक सारख्या वेगात, दोघांना अगदी सारख्याच बलाने अडवले. भरलेला पुढे जाऊन थांबेल. एकसारख्या क्षेत्राच्या आरशात तर थांबण्याची खोली सरळ वस्तुमानाच्या प्रमाणात येते : ७८४ चा तुकडा आईच्या पाऊण खोलीवर, २६३ चा पाव खोलीवर.

अडचणही यातूनच येते. आरसा नीट केंद्रित करतो तो पूर्ण ऊर्जेच्या आसपासच्या आयनांना. अगदी अलीकडे वळणारे तुकडे धूसर दिसतात. म्हणून जुन्या यंत्रांवर आरशाचा दाब पायरीपायरीने उतरवत दहा-बारा वेळा वर्णपट घ्यावा लागे आणि मग ते तुकडे जोडून एक सलग पट्टी करावी लागे. एका पेप्टाइडला अर्धा तास सहज जाई, आणि तेवढ्यात थेंबातले द्रव्य संपले तर शेवटच्या पट्ट्या, म्हणजे नेमके लहान तुकडे, हातचे जात. जॉन्स हॉपकिन्समध्ये कॉर्निश आणि कॉटर यांनी वक्र क्षेत्राचा आरसा केला तो हे टाळण्यासाठीच.

चौथी_मिती

बल प्रभारावर, जडत्व वस्तुमानावर. समजले. उद्याच्या तासाला हे उदाहरण घेतो.

पेट्रीडिश

मी मुंबईत एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव विभागात आहे. आमच्याकडेही माल्डी-टॉफ आहे. वसाहत काडीने प्लेटवर लावायची, वर मॅट्रिक्स टाकायचे, काही मिनिटांत जिवाणूचे नाव येते. त्यात तुकडे कधी दिसले नाहीत. आमचे यंत्र वेगळे आहे का?

उडता_कण

तत्त्व तेच, पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही साधारण २,००० ते २०,००० डाल्टनमधल्या प्रथिनांचा ठसा बघता, त्यात रायबोसोमची प्रथिने भरपूर असतात. तो ठसा साठ्यातल्या ठशांशी जुळवला जातो, कुणाचाही क्रम वाचला जात नाही. ही मोजणी सरळ नळीत होते. आणि वर लिहिलेले आठवा : सरळ नळीत तुकडे आईच्याच वेळी पोचतात. तुमच्याकडची प्रथिने वाटेत तुटत असतीलही, पण तुटूनही ती शिखरात भरच घालतात. जे माझ्यासाठी आंधळेपण, ते तुमच्यासाठी सोयीचे.

पेट्रीडिश

हे आजवर कुणी असे सांगितले नव्हते. धन्यवाद.

कोकणवाट

मी जुना माल्डीवाला, आता निवृत्त. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, नव्या यंत्रांबद्दल. 'लिफ्ट' पद्धतीत आयनांना सुरुवातीला फक्त ८ किलोव्होल्ट देतात. ते सावकाश जातात, तुटायला वेळ मिळतो. मग आई आणि तिचे तुकडे एका छोट्या कोठडीत शिरले, की ती कोठडीच्या कोठडी १९ किलोव्होल्टने वर उचलतात. ताईंचेच आकडे घेतो : ७८४ च्या तुकड्याकडे ६ होते, आता २५ झाले. २६३ कडे २ होते, आता २१. आईकडे २७. आधी एकास चार असलेली तफावत आता किरकोळ, म्हणून आरसा सगळ्यांना एकाच वेळी नीट परतवतो. दहा-बारा पट्ट्या जोडणे संपले. मी ज्या दिवशी हे पहिल्यांदा वापरले, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाळीस पेप्टाइडे झाली होती. आधी आठवड्यात होत नव्हती.

दुसरी, ज्यामुळे मी या क्षेत्रात रमलो ती. आमच्या कोकणात लाल विंचू नवीन नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे किती जीव वाचवले, हे तिकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याच भारतीय लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे झाले. पेशीच्या पोटॅशियम वाहिन्यांचा एक विशिष्ट गट ते बंद करते आणि आज जगभर संशोधनात वापरले जाते. त्याचे पुढचे टोक पायरोग्लुटामिक आम्लाने बंद आहे. एडमन पद्धत टोकाकडून एकेक मणी सोडवत जाते. टोकच बंद असेल तर ती पहिल्या पावलाला अडते. तुकडे करून वाचणाऱ्याला टोक बंद असले तरी फरक पडत नाही, तो मधून कुठूनही वाचायला लागतो.

पण अशा विषांत तीन-तीन डायसल्फाइड गाठी (साखळीतल्या दोन जागा जोडणारे गंधकाचे बंध) असतात, आणि गाठ मारलेली साखळी पीएसडीत नीट वाचता येत नाही. एका जागी तुटली तरी गाठीने दोन्ही भाग एकत्रच राहतात. तिथे मला सोर्समध्येच होणारी तूट, आयएसडी, फार उपयोगी पडली. ताई, त्यावर लिहाल का?

उडता_कण

काका, लिहिते. तुमच्याकडून शिकलेलेच बरेच आहे.

पीएसडीत आयन तुटायला मायक्रोसेकंद घेतो. आयएसडीत लेझर पडल्यावर काही नॅनोसेकंदांतच, धक्का मिळण्याआधी, काम होते. मॅट्रिक्सकडून हायड्रोजनचा अणू सांगाड्यावर येतो आणि नायट्रोजन व अल्फा कार्बन यांच्यामधला बंध तुटतो. म्हणून इथे बी-वाय नाही, सी आणि झेड आयन मिळतात. सी-आयन म्हणजे बी अधिक १७.०३. ही ऊर्जा साठवून झालेली तूट नसल्यामुळे फॉस्फेटसारखे नाजूक गट जागेवर राहतात, आणि तुकडे धक्क्याच्या आधीच तयार असल्याने पूर्ण ऊर्जा घेऊन निघतात. आरशाला काही वेगळे करावे लागत नाही.

१,५-डायअमिनोनॅप्थॅलीन या मॅट्रिक्सने आयएसडी उत्तम होते, आणि ते डायसल्फाइड गाठीही सोडवते. एक गाठ सुटली, की आईचे वस्तुमान दोनने वाढते. तीन गाठींचे विष असेल तर सहाची वाढ शोधा. गाठ सुटली, की शिडी उलगडते. हे संयुग हाताळताना हातमोजे आणि हूड दोन्ही हवेत, त्यात हयगय नको.

मर्यादाही सांगते. तुटणे निवड-फाटकाच्या आधीच होते, म्हणून आई निवडता येत नाही. नमुना शुद्धच लागतो. हजाराच्या खाली मॅट्रिक्सचा गोंधळ असतो, तिथल्या पहिल्या काही पायऱ्या वाचता येत नाहीत. आणि प्रोलीनच्या अलीकडची सी-पायरी गळते, कारण प्रोलीनचा नायट्रोजन वलयात बांधलेला, तिथला बंध तुटूनही भाग सुटा होत नाही. पीएसडीत जिथे सगळ्यात ठळक शिखर, तिथेच आयएसडीत रिकामी जागा. म्हणून मी दोन्ही वर्णपट एकाखाली एक ठेवून वाचते.

आडवा_डोंगर

ल्युसीन-आयसोल्युसीनचे 'पुढे' म्हणून सोडलेत, तेवढे सांगतो. दोघांचे वस्तुमान तंतोतंत तेच, ११३.०८, त्यामुळे बी-वाय शिडीत कितीही अचूक मोजले तरी उपयोग नाही. आमच्याकडे टॉफ-टॉफ, म्हणजे एकामागे एक दोन टॉफ असलेले यंत्र, आहे, मध्ये वायूची कोठडी आहे, आणि एक किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासची टक्कर देता येते. तेवढ्या जोरात सांगाड्याबरोबर बाजूची साखळीही तुटते. ल्युसीन ४३ गमावते, आयसोल्युसीन बहुधा २९. त्यातून येणारे डी आणि डब्ल्यू आयन सापडले तर ठाम सांगता येते. नुसत्या पीएसडीवर जो कुणी 'इथे ल्युसीन आहे' असे लिहितो, तो साठ्यातल्या क्रमावरून लिहितो, वर्णपटावरून नाही. अहवालात तसे नोंदवायला हवे.

उडता_कण

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे 'ल्यु/आय' असेच लिहायचा नियम केला आहे. तसेच ग्लुटामिन १२८.०६ आणि लायसीन १२८.०९. तुकड्यांच्या वर्णपटात एवढ्या फरकावर मी पैज लावणार नाही. ओ-मिथाइलआयसोयुरिया टाकून लायसीनवर ४२ वाढतात का ते बघायचे.

निळी_शाई

मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा धागा तीनदा वाचला. माझी अडचण अशी : ट्रिप्सिन या विकराने कापलेले पेप्टाइड आहे, शेवटी आर्जिनीन, मध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल. पीएसडीत एकच शिखर उंच येते, ते अ‍ॅस्पार्टिकनंतरच्या तुटीचे. बाकी जवळजवळ सपाट. लेझर वाढवला तर गोंगाट वाढतो, शिखरे नाही. मॅट्रिक्स डीएचबी आहे. दुसरी गोष्ट, साध्या रिफ्लेक्ट्रॉन मोजणीत आईच्या अलीकडे एक पसरट शिखर दिसते, साधारण नव्वदच्या अंतरावर. नव्वद कशाचे असते?

उडता_कण

आधी दुसरा प्रश्न. ते शिखर पसरट आहे ना? मग ते वाटेत तुटलेले आहे, आणि त्याची जागा खरी नाही. वाटेत तुटलेला तुकडा मोकळ्या नळीत आईच्या, म्हणजे त्याच्या वस्तुमानाच्या मानाने कमी, वेगाने चाललेला असतो. सॉफ्टवेअर समजते, की तो पूर्ण ऊर्जेने निघाला, म्हणून त्याला खऱ्यापेक्षा जड दाखवते. घट कमी दिसते. खरी घट बहुधा ९८ असेल, म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. तुमच्या पेप्टाइडवर फॉस्फेट असलेले सेरीन किंवा थ्रिओनीन असू शकते. सरळ नळीत मोजून बघा, शिखर नाहीसे झाले तर शंका मिटली. टायरोसीनवरचे फॉस्फेट असते तर ९८ सहसा इतके ठळक जात नाही, आणि २१६.०४ ला खूण मिळते.

आता पहिला. प्रोटॉन एकच, आणि आर्जिनीन त्याला घट्ट धरून बसते. बंध तुटायला प्रोटॉन सांगाड्यावर फिरावा लागतो. तो फिरत नाही, म्हणून अ‍ॅस्पार्टिकच्या बाजूच्या साखळीतला स्वतःचा प्रोटॉन वापरून फक्त तिथेच तुटते. तुमच्या हाताची चूक नाही, पेप्टाइडचा स्वभाव आहे.

दोन गोष्टी करा. मॅट्रिक्स बदला. अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्ल 'गरम' आहे, जास्त ऊर्जा देते. डीएचबी थंड. आणि पुढच्या टोकाला सल्फोनिक गट जोडा. ४-सल्फोफेनिल आयसोथायोसायनेट, आम्ही स्पिट्सी म्हणतो. वस्तुमान २१५ ने वाढते. सल्फोनिक गट ऋण प्रभार बाळगतो, त्याला तोलायला आणखी एक प्रोटॉन येतो, आणि तो फिरता असतो. पुढच्या टोकाचे तुकडे प्रभारहीन होऊन दिसेनासे होतात, मागे स्वच्छ वाय-शिडी उरते. मध्ये लायसीन असेल तर आधी ते ओ-मिथाइलआयसोयुरियाने झाका, नाहीतर स्पिट्सी तिथेही चिकटेल.

आधी प्रमाणित नमुन्यावर करा. ग्लु-फायब्रिनोपेप्टाइड बी घ्या, त्यातही अ‍ॅस्पार्टिक आणि शेवटी आर्जिनीन आहे. १५७०.६८ चे १७८५.६५ झाले पाहिजे.

निळी_शाई

ताई, केले. सरळ नळीत ते पसरट शिखर खरेच गेले.

ग्लु-फिबवर स्पिट्सी लावले. पहिल्या वेळी १७८५ आलेच नाही, नुसते १५७०. बायकार्बोनेट ताजे करून पुन्हा ५५ अंशांवर अर्धा तास ठेवले, तेव्हा आले. मग पीएसडी घेतले आणि सॉफ्टवेअर बंद ठेवून पेन्सिलने वजाबाक्या केल्या. १७५.१, २४६.२, ३३३.२, ४८०.३, ६२७.३, ६८४.३, ८१३.४. आर्जिनीन, ॲलनीन, सेरीन, फेनिलॲलनीन, पुन्हा फेनिलॲलनीन, ग्लायसीन, ग्लुटामिक. मला क्रम आधीच माहीत होता, तरी पाचव्या पायरीवर पुन्हा १४७ निघाले तेव्हा हात थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतः काही वाचले असे वाटले.

माझा स्वतःचा नमुना फक्त दोन मायक्रोलिटर उरला आहे. एकच संधी आहे. आधी काय करू?

उडता_कण

फार छान. ही पाने वहीत चिकटवून ठेवा.

दोन मायक्रोलिटर पुरतील, पण सगळे एकदम वापरू नका. अर्धा मायक्रोलिटर तसाच सायनो मॅट्रिक्सवर लावून आधी साधे पीएसडी घ्या. आईमधून ९८ गेलेली नीट जागेवर दिसते का बघा, कारण तिथे आकडा खरा येतो. उरलेल्या दीडवर स्पिट्सी. अभिक्रिया झाल्यावर सी-१८ टिपमधून (पेप्टाइड धरून ठेवणारा थर भरलेल्या पिपेटच्या टोकातून) धुऊन घ्या. जादा स्पिट्सी आणि मीठ राहिले तर थेंब नीट स्फटिकत नाही आणि दिवसभर शॉट मारूनही काही येत नाही. शेवटचा थेंब टिपमधून मॅट्रिक्सच्या द्रावणानेच थेट प्लेटवर उतरवा.

आणि वाय-शिडीत सेरीनच्या जागी ८७.०३ ऐवजी ६९.०२ ची उडी दिसली, तर थांबा. फॉस्फोरिक आम्ल गमावलेले सेरीन तेवढेच उरते. १६७.०० ची उडी दिसली, तर फॉस्फेट अजून तिथेच आहे.

कोकणवाट

त्याआधी फाटकाच्या पट्ट्यात शेजारी कुणी नाही ना, तेही बघ गं. साध्या वर्णपटात आईच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा डाल्टन मोठे करून.

निळी_शाई

बघितले काका. सहा डाल्टन वर एक लहानसे आहे. टिपमधून धुताना ॲसिटोनायट्राइल थोडे थोडे वाढवत उतरवते, म्हणजे दोघे वेगळ्या थेंबांत पडतील. उद्या सकाळी यंत्र माझ्याकडे आहे.